अंगात वीज राहत नाही

२० ऑक्टोबर, रविवार

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "लक्षणं रोज लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला कामाला येतील." मायची तेरवी उरकली, पाहुणे गेले, म्हणून आजपासून लिहायला बसलो.

माझी बायको वर्षाराणी हिची लक्षणं: डाव्या कानाने ऐकू येत नाही, आत सारखी शिट्टी वाजते म्हणते. तळपायांना मुंग्या. भांडं पडलं तरी दचकते. घरात फार हळू बोलते, कानाच्या दोषामुळे असावं. खांद्यावर फांदीला फांद्या फुटाव्यात तशी लाल नक्षी उमटली होती, ती दोन दिवसांत आपोआप मावळली.

हे वाचणाऱ्या डॉक्टरला समजावं म्हणून झालेलं थोडक्यात लिहितो. सोयाबीनची काढणी चालू होती. मी आमच्या मुलीला, अक्षराला, चष्मा करायला नांदेडला घेऊन गेलो होतो. दुपारी आभाळ भरून आलं. बाबा आणि शेजारच्या केवळाबाई गंजीवर ताडपत्री ओढत होते. माय आणि वर्षाराणी लिंबाखाली गेल्या. वीज लिंबावर पडली. माय जागीच गेली. वर्षाराणी लांब फेकली गेली, संध्याकाळपर्यंत तिचे पाय हलले नाहीत. हे मला लोकांनी सांगितलं. मी भोकरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा माय जीपमध्ये चादरीखाली होती.

सातवीला मी दरवर्षी 'स्थितिक विद्युत' शिकवतो. पाऊस-वीज चालू असताना झाडाखाली थांबू नये, हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. घरी कधी सांगितलं होतं का, आठवत नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

वर्षाराणी आज अंगणवाडीत कामावर गेली. मी नको म्हणत होतो. "मामा घरी बसलेले, तुम्ही शाळेत, मी भिंतीकडं बघत बसू का?" म्हणाली. मामा म्हणजे माझे वडील, किशनराव. मायला ती आत्या म्हणायची.

मधल्या सुट्टीत डोकावून आलो. मदतनीस गंगम्मा खिचडी झाकून बसली होती. पोरं नाहीत. एकही नाही. वर्षाराणी वजनकाटा पुसत होती.

गंगम्मा बाजूला येऊन म्हणाली, "गुरुजी, गावात बोलून राहिले की बाईच्या अंगात आजून वीज हाय. लेकराला धरलं तर झटका बसंल म्हंतात."

म्हटलं, "तू तर तिच्याजवळ बसलीस."

"मी जवळ बसले. शिवले न्हाई," ती खरं बोलली.

अंगणवाडीच्या बाईचं काम सगळं हाताचं. लेकराला उचलून काट्यात बसवा, दंडाचं माप घ्या, नाक पुसा, डोस पाजा. हात लावू दिला नाही तर तिने करायचं काय? पुरवठ्याची गाडी घेऊन आलेला माणूससुद्धा पाकिटं उंबऱ्यावर ठेवून गेला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

वर्गात तोच धडा आला. पुढे ढकलावा वाटलं होतं, पण घेतला.

हवा कोरडी झाल्याने प्रयोग छान होतात. कंगवा केसांवर घासला, कागदाचे कपटे उडून चिकटले. पोरांना सांगितलं, घासल्याने वीज नवीन तयार होत नाही. प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण प्रभार सारखेच असतात, म्हणून एरवी काही जाणवत नाही. घासताना केसांवरचा थोडा ऋण प्रभार कंगव्यावर जातो. कंगव्याचा वाढतो, केसांचा तेवढाच कमी होतो. हिशेब कुठेच बिघडत नाही, फक्त जागा बदलते.

मग ढग. आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासतात. ढगाच्या खालच्या अंगाला ऋण प्रभार साठत जातो. त्याच्या ओढीने खालच्या जमिनीवर, झाडाच्या शेंड्यावर धन प्रभार जमतो. मधली हवा अडवून धरते, धरते, आणि मग एकदम सोडते.

एवढं बोलून थांबलो. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. एक मुलगी म्हणाली, "सर, आज राहू द्या." मी धडा पुरा केला. बरं केलं की वाईट, कळत नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

जेवताना बाबांनी अचानक विचारलं, "बजरंग, वीज पडल्यावर माणसाच्या अंगात करंट किती टाइम राहतो रे?"

मायच्या जाण्यानंतर बाबा पहिल्यांदाच आपणहून बोलले. मला बरं वाटलं. म्हटलं, "जरासुद्धा राहत नाही, बाबा. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा प्रभार जमिनीत उतरतो. त्या क्षणापासून माणसाला खुशाल हात लावावा."

"जरासुद्धा न्हाई?"

"अजिबात नाही. पुस्तकात आहे, दाखवू का?"

त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि उठले. वर्षाराणी माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मीच त्यांचं ताट ओढून घेतलं.

माझ्या लक्षात आलंय, बाबा तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. तांब्या खाली ठेवू देतात आणि मग उचलतात. ती समोर आली की नजर जमिनीवर. म्हणजे गावासारखंच त्यांच्याही डोक्यात बसलंय. स्वतःच्या घरात ही अंधश्रद्धा बघून लाज वाटते.

२ नोव्हेंबर, शनिवार

यंदा दिवाळी नाही. अक्षराने उंबऱ्यावर एक पणती लावू का विचारलं, वर्षाराणीने लाव म्हटलं.

मी वर्षाराणीला विचारलं, "माय शेवटचं काही बोलली का?"

"न्हाई. लगेच गेल्या."

मग कांदे चिरायला बसली. भाजीत कांदा नव्हताच आज.

७ नोव्हेंबर, गुरुवार

नांदेडला तपासणी. बसस्टँडवर रिक्षा मिळेना, वर्षाराणी चालली, पण पायाच्या मुंग्यांमुळे दोनदा टेकली. कानाचा पडदा भरून येतोय. लातूरला मोठ्या मशीनवर ऐकण्याची तपासणी करा म्हणाल्या.

निघताना मी सहज गावातल्या गैरसमजाचं सांगितलं. डॉक्टरीणबाई एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "हा गैरसमज जीव घेतो. विजेने बहुतेकदा हृदय थांबतं. माणूस मेल्यासारखा दिसतो. पण लगेच कोणी छातीवर जोरजोरात दाब देत राहिलं, तर काही जण परत येतात. सगळे नाही, पण काही येतात." मग वर्षाराणीला विचारलं, "तुमच्या सासूबाईंना कोणी दाब दिला होता का?"

ती म्हणाली, "मला शुद्ध नव्हती."

पण पहिल्या दिवशी दवाखान्यात तिनेच नर्सला सांगितलं होतं की ती पूर्ण शुद्धीवर होती, ताडपत्री उडताना तिने पाहिली, फक्त पाय हलत नव्हते. मी तिथेच उभा होतो. लक्षणांत लिहितो: विसरभोळेपणा, बोलण्यात विसंगती. पुढच्या वेळी दाखवायला हवं.

बसमध्ये तिने माझी बाही धरली. "दाब द्यायचं ते गावात सांगू नका."

"का? हेच तर सांगायला पाहिजे."

"माझी नोकरी गेली तर जाऊ द्या. पर हे नका सांगू."

किती विचारलं, पुढे बोलली नाही. चांगल्या कानाच्या बाजूला बसलो होतो, तरी ऐकू न आल्यासारखं करत होती.

११ नोव्हेंबर, सोमवार

अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका येऊन गेल्या. हजेरी कोरी. वाईट वाटून म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत मुलं आली नाहीत तर मला वर कळवावं लागेल, ताई." वर्षाराणीने त्यांना चहा दिला. त्यांनी कप सरळ तिच्या हातातून घेतला. त्या गेल्यावर वर्षाराणी बराच वेळ आपला हात बघत होती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ती लातूरला माहेरी गेली, अक्षराला घेऊन. कानाची तपासणी होईल आणि आईजवळ चार दिवस राहीन म्हणाली. एसटीत बसवून दिलं. बाबा फाट्यापर्यंत आले होते, पण लांब उभे राहिले. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला. तिने बघितलं नाही, किंवा बघितलं असेल.

मी ठरवलंय. ती नाही तोवर गावाला एकदा नीट समजावून सांगतो. ती परत येईल तेव्हा अंगणवाडी भरलेली असेल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

निवडणुकीच्या ड्युटीत आठवडा गेला. रविवारी संध्याकाळी शाळेत सगळ्यांना बोलावलंय. काचेची बाटली, बुचातून तांब्याची तार, तारेच्या टोकाला चॉकलेटच्या चांदीच्या दोन पातळ पट्ट्या. विद्युतदर्शी तयार आहे. बाबांनाही या म्हटलं. "येतो," म्हणाले.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज काय झालं ते मला नीट कळलेलं नाही. जसं झालं तसं लिहितो.

वर्ग भरला होता. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या. बाबा दाराजवळ बाकाच्या टोकाला. मी घासलेला कंगवा तारेला टेकवला, बाटलीतल्या पट्ट्या फाकल्या. म्हटलं, "दोन्ही पट्ट्यांवर एकच प्रभार आला, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात. आता बघा." तारेला बोट लावलं. पट्ट्या गपकन मिटल्या. "गेला. माझ्या अंगातून जमिनीत गेला. मला काही झालं का? माझ्या अंगात काही राहिलं का?" लोक पुढे सरकले. केवळाबाईंनी स्वतः येऊन बोट लावून बघितलं. हसल्यासुद्धा. पहिल्यांदा वाटलं, जमलं.

मग मी पुढचं बोललो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं. छातीवर दाब कसा द्यायचा ते टेबलावर दप्तर ठेवून दाखवलं. आणि शेवटी म्हणालो, "माझ्या मायला त्या वेळी कोणी हात लावला असता, तर कदाचित ती आज असती."

कोणी हललं नाही. मला वाटलं, पटतंय. मग दिसलं की बाया माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या आणि लगेच नजर काढून घेत होत्या. बाबांनी टोपी घातली, बाकाला धरून उठले आणि बाहेर गेले.

केवळाबाई माझ्याजवळ आल्या. "गुरुजी, काय बोलून बसलात हे."

"खरं तेच बोललो, काकू."

"हाव. खरंच बोललात," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून गेल्या.

घरी आलो तर बाबा नाहीत.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी शेतात सापडले. लिंबाचं खोड वरून खालपर्यंत उललेलं आहे, साल सोलून निघालीय. त्याच्यासमोर बांधावर बसले होते. थंडीने ओठ काळेनिळे.

मी शेजारी बसलो. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"मी हितंच होतो. ह्या बांधापाशी. तुझी माय तिथं पडली होती. पाय हलवता येईना तरी वर्षा हातावर सरपटत वरडून राहिली, 'मामा, छातीवर दाबा, मला शिकवलंय, दाबा.' माझा पाय उचलंना. केवळाबाई म्हणली, दादा जाऊ नका. मी गेलो न्हाई. ती न म्हणती तरी मी गेलो नसतो, बजरंग."

ते लिंबाकडेच बघत होते.

"तुझा भुजंगकाका तुला याद न्हाई, तू पाळण्यात होतास. विहिरीवर गडी मोटारीच्या स्टार्टरला चिकटला. भुजंग त्याला सोडवाया गेला, कमरेला मिठी मारून ओढाया. दोघंबी गेले, माझ्या देखत. तवापास्नं एकच गोष्ट ध्यानात धरली, करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा न्हाई. आयुष्यभर धरली." मग म्हणाले, "तू त्या दिवशी जेवताना म्हणलास, जरासुद्धा राहत न्हाई. मला वाटलं, तू म्हणशील, राहतो थोडा टाइम."

वर्गात कोणा विद्यार्थ्याने असं म्हटलं असतं तर मी लगेच समजावून सांगितलं असतं. तारेतला करंट चालूच असतो, बटण बंद करेपर्यंत तो माणसातून वाहत राहतो, म्हणून हात लावायचा नाही. ढगातला एकदाच येतो आणि उतरून जातो. भुजंगकाकांच्या वेळी बाबांनी जे ध्यानात धरलं ते बरोबरच होतं. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी बोललो नाही. उठून शाळेत गेलो आणि दिवसभर शिकवलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस बाबांशी बोललेलो नाही. ते चुलीवर स्वतःच भात टाकतात, माझ्यासाठी झाकून ठेवतात. मी तो खातो. मला त्यांचा राग येतो आणि राग आला की मायचाच चेहरा दिसतो, ती नेहमी त्यांची बाजू घ्यायची तसा.

डॉक्टरीणबाई 'काही जण' म्हणाल्या होत्या. माय त्या काहींत होती की नव्हती, हे कोणत्याच पुस्तकात नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. लातूर

रजा टाकून आलो. वर्षाराणीची आई, भामाबाई, तिच्या कानात औषध घालत होत्या, डोकं मांडीवर घेऊन. मला बघून त्या आत गेल्या.

"तुला माहीत होतं," म्हटलं.

"मी तिथंच होते."

"डॉक्टरांना शुद्ध नव्हती म्हणालीस."

"मग काय म्हणू? तुम्ही शेजारी उभे होता." ती उठून बसली. "मामांनी आत्याला रात्री पाणी लागतं म्हणून उशाला तांब्या ठेवला नाही, असा एक दिवस गेला न्हाई. ते माणूस तवा जवळ आलं न्हाई, म्हणजे त्याला केवढं भ्या वाटलं असंल."

"तुला राग नाही आला?"

"लई आला. आजूनबी हाय. मी घसा फुटेस्तोवर वरडले. माझे पाय चालले असते तर मीच दाबलं असतं." तिने कानातला कापूस नीट बसवला. "घरी मामा माझ्याकडं बघत न्हवते, तुम्हाला वाटायचं मला भितात. त्यांना माझा आवाज ऐकू येत असंल, म्हणून बघत न्हवते. मला तेवढं कळत होतं. म्हणून मी घरात हळू बोलायची."

मी तिच्या हळू बोलण्याचं कारण कानाचा दोष असं लिहून ठेवलं होतं.

मग तिने विचारलं, "तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काही नाही."

"काहीच न्हाई? इतके दिवस?" तिने पिशवी काढली आणि अक्षराचे कपडे भरायला लागली.

३० नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी घरी पोचलो. बाबा ओसरीवर होते, आम्हाला बघून उभे राहिले. वर्षाराणीने हातपाय धुतले, तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर धरला. खाली ठेवला नाही. बाबा किती तरी वेळ तसेच. तिने हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी घेतला.

पाणी पिऊन झाल्यावर मी त्यांना स्टार्टरचं आणि ढगाचं सांगितलं. तारेचा करंट चालू राहतो, विजेचा जातो. भुजंगकाकांना हात लावला नाहीत ते बरोबर होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी एकदा बरोबर होतो," ते म्हणाले.

मी रिकामा तांब्या उचलून आत नेला.

३ डिसेंबर, मंगळवार

वर्षाराणीने अंगणवाडीत बायामाणसांना बोलावलं. छातीवर दाब द्यायचं ती स्वतः शिकवणार होती. मी म्हटलं, विद्युतदर्शी आणू का? "राहू द्या," म्हणाली. चटईवर तिने एक घट्ट उशी ठेवली होती.

तिने पुढे कोण येतं विचारलं, कोणी येईना. पंधरा-वीस माणसं भिंतीला चिकटून. मग मागून बाबा आले. टोपी काढून खिशात घातली.

"म्या माझ्या बायकोला हात लावला न्हाई," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "कोणी धरून ठेवलं न्हवतं मला. केवळाबाईला बोल लावू नका. सून वरडून सांगत होती, तरी मी लांब उभा राहिलो. माझ्या पोरानं सांगितलं ते खरं हाय. तुमच्यावर असा टाइम आला तर उभे राहू नका."

ते गुडघ्यांवर बसले. वर्षाराणी त्यांच्या समोर बसली. त्यांचे दोन्ही हात तिने धरले, एकावर एक ठेवले, बोटं बोटांत अडकवून दिली आणि स्वतःचे तळवे वरून दाबून म्हणाली, "हितं, मामा. मधोमध. कोपर वाकवू नका. जोर लावा."

कोणी तरी श्वास ओढलेला मला ऐकू आला. तिचे हात त्यांच्या हातांवर तसेच होते.

बाबा दाबायला लागले. आधी चुकत होते, मग लय सापडली. उशी खाली जायची, वर यायची. ती मोजत होती. मोजून झालं, तेव्हा तिने हात काढले आणि म्हणाली, "बास, मामा. आता दुसऱ्याला बसू द्या."

ते थांबले नाहीत. केवळाबाई रडायला लागल्या. मी पुढे झालो, तर वर्षाराणीने मान हलवली. बाबांच्या कपाळावरचा घाम उशीवर पडत होता आणि ते दाबत होते, दाबत होते. ती त्यांना थांबवेना. तिने परत आपले हात त्यांच्या हातांवर ठेवले आणि त्यांच्याबरोबर दाबू लागली.